नीवाला सापडलेलं डाइम

मर्ल स्ट्रिकलर गेला तेव्हा वॉबॅश नदी दोन्ही काठांनी गोठली होती आणि जमीन इतकी टणक झाली होती की कबर खणणाऱ्यांनी हात टेकले. अंत्यविधी पुढे ढकलावा लागला. त्या अधल्यामधल्या दिवसांत त्याच्या बायकोच्या, नीवाच्या घरचं सगळं क्लाइड बीमरने पाहिलं. दारातला बर्फ उपसला, आल्यागेल्याला कॉफी दिली, चर्चमधल्या बायकांनी आणून ठेवलेली भांडी धुऊन ज्याची त्याला पोचवली. क्लाइड म्हणजे मर्लचा तरुणपणापासूनचा मित्र. केल्टन गावच्या नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळाचे हे दोघे खांब. मर्लला शिंक आली की क्लाइड खिशातून रुमाल काढतो, असं गाव म्हणायचं.

मर्ल लाकडाच्या वखारीत कारकून होता, पण त्याचा जीव सगळा डाइममध्ये. डाइम म्हणजे दहा सेंटचं नाणं, अंगठ्याच्या नखाएवढं. त्यातही त्याला हवी असायची ती गेल्या शतकातली, खडकावर बसलेल्या स्वातंत्र्यदेवीची. आरामखुर्चीत बसून तो ती भिंगाखाली तासन् तास उलटीपालटी करायचा. नीवाचं तसं नव्हतं. तिला आवडायची ती तिच्या लहानपणी हातातून फिरलेली डाइम, पंखवाल्या टोपीतल्या देवीची. आईने दुकानात पाठवताना मुठीत दिलेली, चर्चच्या थाळीत टाकलेली. मर्ल त्यांना 'तुझी चिल्लर' म्हणायचा.

आणि गंमत अशी, की अख्ख्या मंडळात ज्याचा बोलबाला झाला ते नाणं त्या चिल्लरीतलंच होतं.

अठ्ठावन्न सालची गोष्ट. त्या काळी खिशातली चिल्लर अजून चांदीचीच होती. दर शुक्रवारी मर्ल बँकेतून डाइमच्या कागदी पुंगळ्या आणायचा. जेवणं आटोपली की दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्या फोडायची, एकेक नाणं निरखायची, हवं ते ठेवून बाकीची पुन्हा भरून सोमवारी बँकेत परत. ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी नीवाने एक झिजलेलं डाइम उचललं, साल पाहिलं, उलटवलं आणि तशीच बसून राहिली.

"मर्ल," ती म्हणाली, "डेनव्हरचा डी कुठे असतो रे? खाली डावीकडे ना?"

"कुठल्या सालाचं आहे?"

"सोळा."

मर्लच्या हातातली पुंगळी सुटली आणि डाइम टेबलाखाली, चुलीखाली, पार मागच्या दारापर्यंत घरंगळत गेली. एकोणीसशे सोळा साली डेनव्हरच्या टांकसाळीने ही डाइम अगदी थोडी पाडली होती, मागच्या बाजूला खुणेचं डी अक्षर उमटवून. संग्राहकांचे जन्म जातात, पण अशा पुंगळीत ती कुणाला सापडत नाहीत. मर्लने ते भिंगाखाली धरलं. मग त्याने नीवाला खुर्चीसकट उचललं.

नाणं तसं गरीबच होतं. पंखांवरची पिसं झिजून सपाट झालेली, आणि देवीच्या हनुवटीखाली एक बारीकशी खाच, कुणीतरी नखाने दाबावी तशी. नीवाला ती खाच आवडायची. तिथे बोट फिरवून ती म्हणायची, "बिचारी दाढी करताना कापली."

तेव्हापासून दर ऑक्टोबरात स्ट्रिकलरांच्या घरी एक जेवण ठरलेलं. मंडळातली चार माणसं यायची, नीवा साखर आणि साय भरून 'पाय' नावाचा गोड पदार्थ भाजायची, आणि तो कापला की मर्ल काट्याने पेल्यावर टिचकी मारून म्हणायचा, "नीवा, सांग आता." मग नीवा तीच गोष्ट सांगायची. पुंगळी, डी, चुलीखाली गेलेली डाइम, खुर्ची. क्लाइडला गोष्ट पाठ होती, तरी तो दरवेळी विचारायचा, "आणि नवऱ्याने काय केलं? रडला की नाही?" आणि सगळे हसायचे. "तुझ्या बायकोचे डोळे मला उसने दे रे मर्ल," तो म्हणायचा, "तुझे तूच ठेव, काही उपयोगाचे नाहीत."

एकोणसत्तर साली मर्लने नीवाच्या वाढदिवसाला त्या नाण्यासाठी एक सुंदर चौकट करून दिली. अक्रोडाचं लाकूड, आत निळी मखमल, वर काच, मागे पितळी स्क्रू. नाणं त्याने पालथं बसवलं होतं. "लोकांना डी दिसला पाहिजे," तो म्हणाला. चौकट जेवणघराच्या भिंतीवर लागली, शेजारी दोऱ्याला एक भिंग. नवऱ्याने इतक्या हौसेने काही करून दिल्याचं नीवाला दुसरं आठवत नव्हतं.

त्याच साली मर्लच्या बसलेल्या देवीच्या संचात कार्सन सिटीच्या टांकसाळीचं, अठराशे बहात्तर सालचं डाइम आलं. सिनसिनाटीच्या कुणा व्यापाऱ्याकडून स्वस्तात मिळालं, असं त्याने सांगितलं. त्या एका नाण्यासाठी त्याचा संच वर्षानुवर्षं अडून होता. पुढच्याच वसंतात राज्याच्या प्रदर्शनात त्याला पहिलं बक्षीस मिळालं. वर्तमानपत्रात फोटो आला. नीवाने त्या दिवशी त्याचा शर्ट दोनदा इस्त्री केला होता आणि टाळ्या वाजवून तिचे तळहात लाल झाले होते.

मर्ल गेल्यावर मंडळाने ठरवलं की त्याचा तो संच गावच्या वाचनालयात काचेच्या कपाटात मांडायचा, वर त्याच्या नावाची पितळी पाटी. कल्पना क्लाइडची. नीवाने लगेच होकार दिला. सोबत तिच्या मनात आलं, आपलं डाइमही आता नीट तपासून घ्यावं. नाणं पारखून प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत घालून द्यायची पद्धत तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. आपल्यामागे ते भाचीला द्यायचं, तर कागदोपत्री सगळं चोख असलेलं बरं.

क्लाइडला ते पटलं नाही. "कशाला उगाच?" तो म्हणाला. "भिंतीवर छान आहे की. मर्लच्या हातची चौकट, ती उघडायची म्हणजे..."

"चौकट कुठे फेकतेय मी? चार स्क्रू तर काढायचे."

"मी बघतो सवडीने. तू नको त्रास घेऊस."

पण क्लाइडला सवड होईना. मार्चमध्ये शेजारच्या गावी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये नाण्यांचा बाजार भरला, तेव्हा नीवा चौकट टॉवेलात गुंडाळून एकटीच गाडी हाकत गेली.

गस वॉसलर हा व्यापारी तिच्या ओळखीतला, सरळ माणूस. त्याने कौतुकाने स्क्रू काढले, नाणं मखमलीवरून उचललं, दिव्याखाली तिरकं धरलं. मग दुसरं भिंग घेतलं.

"मिसेस स्ट्रिकलर," तो शेवटी म्हणाला, "जरा बसता का?"

"उभ्याने ऐकवत नाही असं काय आहे?"

"नाणं सोळाचंच आहे. चांदीही खरी. पण हे फिलाडेल्फियाचं आहे, तिथल्या नाण्यांवर अक्षर नसतं. हा डी मागाहून चिकटवलाय. असे पुष्कळ फिरतात बाजारात."

नीवाला हसू आलं. "अहो, मी स्वतःच्या हाताने बँकेच्या पुंगळीतून काढलंय ते. बँकेतल्या पोरी काय डी चिकटवत बसतात?"

"ते मला नाही सांगता येणार. पण तुम्हीच बघा." त्याने भिंग तिच्या हातात दिलं. डीच्या बुडाशी केसासारखी एक काळी रेघ होती, कपाला तुटका कान चिकटवावा तशी.

नीवाने नाणं बोटांत घेतलं आणि उलटवलं. चौकटीत गेल्यापासून पहिल्यांदाच ती देवीचा चेहरा पाहत होती. हनुवटी गुळगुळीत होती. तिने अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

"हे माझं नाही," ती म्हणाली.

वॉसलरला वाटलं, बाईला धक्का बसलाय. त्याने पाणी आणलं. नीवा पाणी प्याली, तिने त्याचे आभार मानले, नाणं रुमालात बांधलं आणि ती गाडीत जाऊन बसली. किल्ली फिरवायच्या आधीच तिच्या डोक्यात हिशेब जुळला होता. मर्ल गेल्यापासून घरात मोकळेपणाने कोण वावरत होतं? नाण्यांचे खण कोण आवरत होतं? चौकट उघडू नको म्हणून कोण मागे लागलं होतं? घरच्यासारखा म्हणून ज्याला किल्ली दिली, त्यानेच घर फोडलं. रस्ताभर ती स्वतःशीच बोलत होती. मर्लला सांगावंसं वाटत होतं, बघ तुझा दोस्त.

क्लाइड स्वयंपाकघरात सूप पीत होता. बायको गेल्यापासून तो डब्यातलं सूप पातेल्यातूनच प्यायचा. नीवा न ठोठावता आत आली आणि तिने रुमाल त्याच्यापुढे सोडला.

"माझं डाइम कुठंय, क्लाइड?"

त्याने नाण्याकडे पाहिलं. ते काय आहे हे त्याने विचारलं नाही, आणि नीवाच्या ते ध्यानात आलं.

"बस ना," तो म्हणाला.

"आज सगळे मला बसायला सांगतायत. मर्लला मातीत घालून हिवाळा सरला नाही, आणि तू त्याच्या बायकोच्या भिंतीवरून चोरी करतोस? तीस वर्षं माझ्या हातचं जेवलास. काही वाटलं नाही?"

क्लाइड चमचा पुसत राहिला. तिला नंतर पुष्कळदा वाटलं, त्या घटकेला त्याच्या मनात आलं असावं की चोर म्हणून घ्यावं आणि गप्प बसावं. पण चोर हा शब्द त्याला सोसला नाही.

"मी चोरलं नाही," तो म्हणाला. "मला दिलं."

"कुणी?"

क्लाइड खिडकीबाहेर पाहू लागला.

"कुणी दिलं? मी तर नाही दिलं."

"नीवा, जाऊ दे ना आता. गेलेल्या माणसाचं..."

"क्लाइड."

"मर्लने," तो म्हणाला. "एकोणसत्तर साली. कार्सन सिटीचं ते माझं होतं. सिनसिनाटीचा व्यापारीबिपारी कुणी नव्हता. मी त्याला विकत द्यायला तयार नव्हतो. मला तुझं हवं होतं. मी खोटं कशाला बोलू, मला ते फार हवं होतं. पण मी मागितलं तेव्हा तो नाही म्हणाला होता. मग महिन्याभराने आपण होऊन घेऊन आला."

नीवा बसली.

"आणि हे?" तिने रुमालाकडे बोट दाखवलं.

"ते मी इंडियानापोलिसला मिळवलं. भिंतीवर काहीतरी हवं म्हणाला. चौकट त्याने मग केली."

चौकट मग केली. नीवाच्या डोळ्यांपुढे वखारीतून आलेलं ते अक्रोडाचं लाकूड आलं, रात्री गॅरेजमध्ये चाललेलं पॉलिशपेपराचं घासणं आलं. 'आत येऊ नकोस, तुझ्यासाठी आहे,' तो म्हणाला होता.

"ते माझं होतं," ती म्हणाली. "त्याला एवढंच हवं होतं तर मला विचारायचं. मी दिलं असतं. क्लाइड, मी दिलं असतं रे. त्या बक्षिसासाठी तो किती झुरत होता ते मी नाही बघितलं?"

"मी तेच म्हणालो त्याला, की विचार तिला. तो म्हणाला, तिला ती गोष्ट सांगायला आवडते. ती तिच्यापासून कशाला काढून घ्यायची?"

मग तिने अगदी हळू विचारलं, "आणि तू दर ऑक्टोबरात यायचास. माझ्या हातचं गोड खायचास. आणि विचारायचास, नवरा रडला की नाही."

क्लाइडने मान खाली घातली.

"दोघं एकमेकांकडे बघायचात का रे, मी सांगत असताना?"

"नाही. देवाशपथ नाही, नीवा."

"कसं कळायचं मला?" ती म्हणाली. "बरं, माझं दे आता. तुमचं तुम्हाला परत, माझं मला परत."

तेव्हा क्लाइडचा चेहरा खरोखर पडला, आणि त्याने उरलेलं सांगितलं. ऐंशी साली चांदीचे भाव आभाळाला भिडले होते. गावोगावचे लोक आजीचे चमचेसुद्धा विकत होते. हायवेवरच्या मोटेलात एक फिरता व्यापारी येऊन उतरला होता. क्लाइडची बायको तेव्हा आजारी होती. त्याने सगळा संग्रह विकून टाकला, नीवाच्या डाइमसकट. व्यापाऱ्याचं नावही त्याला आठवत नव्हतं. पश्चिमेकडचा होता, एवढंच.

नीवा उठली. दारापाशी थांबून म्हणाली, "यापुढे दर गुरुवारी जेवायला येऊ नकोस."

पुढच्या आठवड्यात तिने वॉसलरला घरी बोलावलं आणि मर्लचे सगळे खण टेबलावर मांडले. संच फोडून विका, ती म्हणाली. एकेक नाणं वेगळं. एका माणसाकडे दोन जाऊ देऊ नका. वॉसलरने समजावून पाहिलं, असा संच पुन्हा जुळायचा नाही म्हणाला. मंडळाचे अध्यक्ष येऊन गेले, वाचनालयाची बाई येऊन गेली. पाटी करायला टाकली होती म्हणे. नीवाने सगळ्यांना कॉफी दिली आणि कुणालाही कारण सांगितलं नाही. कारण सांगायचं म्हणजे तीच गोष्ट पुन्हा सांगायची, आणि ती तिच्याने होईना. तोंड उघडलं की पुंगळी आठवायची, खुर्ची आठवायची, आणि तिला कळेनासं व्हायचं की खुर्चीसकट उचलणारा तो माणूस खरा की चौकट करणारा. एकाच माणसाचे हात दोन्हींना कसे लागले? गावाने काय ते ठरवून टाकलं. नवरा गेल्यावर म्हातारी फिरली, आयुष्यभराची मेहनत चिल्लरीच्या भावाने काढली.

क्लाइड मात्र कारण जाणून होता, तरी तोही आला. पायरीवरच उभा राहिला.

"माझ्यावर राग काढ," तो म्हणाला. "त्याचं सगळं आयुष्य आहे गं ते."

"माझंही होतं," नीवा म्हणाली. ती आत गेली आणि एक छोटं पाकीट घेऊन आली. एवढं एक नाणं तिने वॉसलरला दिलं नव्हतं. "हे तुझं. कार्सन सिटीचं. तुमचा सौदा मी मोडला."

"हे मी कसं घेऊ? तुझं तर मी देऊ शकत नाही."

"म्हणूनच घे."

त्याने हात पुढे केला नाही, तेव्हा तिने पाकीट त्याच्या कोटाच्या खिशात सरकवलं, पोराच्या खिशात जेवणाचे पैसे घालावेत तसं, आणि जाळीचं दार लावून घेतलं.

एप्रिलभर क्लाइड गावात फारसा दिसला नाही. शिकागो, लुईव्हिल, कोलंबस, जिथे म्हणून नाण्यांचा बाजार भरेल तिथे तो गेला, असं वॉसलर सांगायचा. प्रत्येक टेबलावर सोळा सालचं डीवालं डाइम मागायचा आणि हातात आलं की आधी हनुवटी बघायचा. व्यापारी त्याला हसायला लागले होते. मग मे महिन्यात एका सकाळी तो पुन्हा पायरीवर आला, मळलेला, दाढी वाढलेली, आणि त्याने एक डाइम पुढे केलं.

नीवाने ते चष्म्यावरून पाहिलं. पिसं झिजलेली, डी अस्सल. खाच नव्हती.

"ते नाही मिळालं," क्लाइड म्हणाला. "मिळेल असं वाटत नाही. पण हे खरं आहे. कार्सन सिटीचं विकून घेतलं. वॉसलरला दाखव हवं तर."

"खरं आहे, दिसतंय मला."

"मग घे ना. भिंतीवर लाव. भाचीला दे."

"आणि तिला काय सांगू? हे मला कुठे सापडलं?"

नीवाने नाणं त्याच्या तळहातावर परत ठेवलं. तो थकलेला दिसत होता, आणि एक क्षण तिला वाटलं, आत बोलवावं, निदान अंडी तरी तळून द्यावीत. इतक्या वर्षांची सवय होती. पण मग तिला त्याचा ऑक्टोबरातला आवाज आठवला, सगळ्यांना हसवणारा, आणि तिचा हात दाराच्या कडीवरून हलला नाही.

"तू वाईट माणूस नाहीस, क्लाइड," ती म्हणाली. "पण मला तुझ्याशी काही बोलायचं उरलं नाही."

तो गेला. मंडळातही पुन्हा गेला नाही.

मे अखेरच्या सोमवारी, गेलेल्यांच्या आठवणीच्या दिवशी, गाव दफनभूमीत फुलं घेऊन जातं. नीवाच्या कुंपणाशी पिओनी बहरल्या होत्या. तिने बादलीभर कापल्या. आईवडिलांच्या दगडापाशी ठेवल्या, बहिणीच्या ठेवल्या, क्लाइडच्या बायकोच्याही ठेवल्या. मग मर्लपाशी आली. दगड त्याने हयातीतच दोघांचा म्हणून घेतला होता. डावीकडे त्याचं नाव, उजवीकडे तिचं, तिच्या जन्मसालापुढे एक आडवी रेघ आणि पुढे मोकळी जागा. बरंच काही विचारायचं ठरवून ती आली होती. उभी राहिली तेव्हा त्यातलं काहीच विचारावंसं वाटेना. वाऱ्याने उडालेलं वाळकं गवत दगडाला चिकटलं होतं. ते तिने सवयीने झटकलं, दोन्ही नावांवरचं.

चर्चमधली डॉटी शेजारच्या ओळीत फुलं मांडत होती. तिने बादलीत डोकावून विचारलं, "मर्लसाठी नाही ठेवलीस?"

"नाही," नीवा म्हणाली.

नीवाने बादली उचलली आणि ती गाडीकडे चालू लागली. बादलीत अजून पुष्कळ फुलं होती.